नदीचे मूळ, भिक्षूचे कूळ

कराटे, कुंग-फू किंवा तत्सम पौर्वात्य युद्धकलांचा विषय निघाला, की आपल्याकडच्या चर्चेत कोणीतरी एक वाक्य उच्चारतोच: "हे सगळे मूळचे आपलेच. बोधिधर्माने इथून चीनला नेले." हे सांगणाऱ्याचा स्वर असा असतो, की आता या विषयात शोधण्यासारखे काही उरलेले नाही. २०११ साली 'एळाम अऱिवु' हा तमिळ चित्रपट आला आणि या समजुतीला पडद्यावरचे देह मिळाले. तेव्हापासून तर बोधिधर्म हा भिक्षू कमी आणि उस्ताद अधिक, अशी त्याची प्रतिमा रूढ झाली आहे. आमच्या मते ही समजूत निराधार आहे. पण केवळ तेवढे म्हणून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. असे मूळ शोधण्याची गरज कोणाला, केव्हा आणि का भासते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भारतात नव्हे, तर युद्धोत्तर जपानात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून येथे एकाच कलेचे उदाहरण घेतो. तिच्या नावातच तिने आपले कूळ सांगितले आहे.

ती कला म्हणजे शोरिंजी केंपो. 'शोरिंजी' हा 'शाओलिन विहार' या चिनी नावाचा जपानी उच्चार. 'केंपो' म्हणजे मुष्टिविद्या. नाव असे चिनी वळणाचे असले, तरी ही कला जपानी आहे आणि ती मिश्र आहे. तिचे तीन भाग सांगतात. 'गोहो' म्हणजे कठोर विद्या: ठोसे, लाथा, अडवणूक. 'जुहो' म्हणजे मृदू विद्या: धरलेला हात सोडवणे, सांधे मुरडणे, पाडणे, जखडणे. 'सेइहो' म्हणजे शरीर पूर्ववत करण्यासाठी केलेले मर्दन आणि दाब. जो हात सांधा मुरडतो त्यानेच तो सांधा चोळून नीट करायचा, ही व्यवस्था आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडच्या तालमींतही जुने उस्ताद हाडे बसवीत, याची येथे आठवण व्हावी.

सराव मुख्यतः जोडीने होतो. नवशिक्याला आरंभीच शिकवला जाणारा एक डाव पाहू. समोरच्याने मनगट घट्ट धरले आहे. हात ओढून घेण्याची आपली स्वाभाविक ऊर्मी असते. ती येथे चुकीची. कोपर शरीराजवळ आणायचे, बोटे पसरून पंजा आकड्यासारखा वळवायचा, म्हणजे धरणाऱ्याची पकड तिथल्या तिथे थिजते. त्याच क्षणी मोकळ्या हाताने त्याच्या डोळ्यांसमोर फटकारा मारायचा. त्याचे लक्ष उडते, आणि त्याचा अंगठा व बोटे जेथे भेटतात त्या फटीतून हात निसटतो. मग प्रहार करायचा की नाही, हा पुढचा प्रश्न. बचाव आधी, आक्रमण नंतर, असे या कलेचे सूत्रच आहे. सरावाच्या आधी व नंतर दोघे हात जोडून एकमेकांना अभिवादन करतात. हे अभिवादन आपल्या नमस्काराचेच सख्खे भावंड होय. मात्र येथे हात चेहऱ्यासमोर धरायचे, मान लववायची नाही आणि नजर समोरच्यावरून हलवायची नाही.

आता अधिकृत उत्पत्तिकथा. संस्थापकाचे मूळ नाव नाकानो मिचिओमी. जन्म १९११ चा, ओकायामा प्रांतातला. वडील लहानपणीच वारले. मांचुरियात असलेल्या आजोबांकडून जुजुत्सूचे प्राथमिक धडे मिळाले. १९२८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पुन्हा मांचुरियात गेला. तेथे एका ताओपंथी पुरोहिताकडून मुष्टिविद्या शिकला, पुढे बीजिंगमध्ये वेन नावाच्या वृद्ध गुरूची गाठ पडली, आणि १९३६ साली खुद्द शाओलिन विहारात या गुरूने त्याला आपल्या परंपरेचा एकविसावा वारस नेमले. १९४६ मध्ये तो पराभूत जपानात परतला. शिकोकु बेटावरच्या तादोत्सु या बंदरगावी राहू लागला. स्वप्नात दारुमा, म्हणजेच बोधिधर्म, दिसला आणि दिशा मिळाली. १९४७ च्या ऑक्टोबरात त्याने शिकवण्यास प्रारंभ केला. आजोबांचे आडनाव घेऊन तो सो दोशिन झाला.

ही कथा नीट वाचली तर तिच्यात तीन थर दिसतात: बोधिधर्माचा, मांचुरियाचा आणि तादोत्सुचा. तिन्हींची विश्वसनीयता सारखी नाही. गंमत अशी, की थर जितका जुना तितका तो अधिक अभिमानाने सांगितला जातो आणि तितकाच तो अधिक पोकळ निघतो.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वेंचि याने इ. स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या लो-यांग नगरीच्या विहारवर्णनात आहे. तेथे पश्चिमेकडून आलेला हा भिक्षू स्वतःला दीडशे वर्षांचा म्हणवतो आणि एका भव्य स्तूपाकडे पाहून थक्क होतो. तेथे त्याला पारशीक म्हटले आहे. दक्षिण भारताशी त्याचा संबंध जोडणारे उल्लेख त्यानंतरचे. दाओश्वान या चरित्रकाराने सातव्या शतकात त्याला दक्षिण भारतीय ब्राह्मण ठरवले. म्हणजे तो 'आपला' होता की नाही याबद्दलच जुन्या साधनांत एकवाक्यता नाही. परंतु एका बाबतीत ती सारी एकमताने गप्प आहेत. त्याने कोणाला ठोसा मारायला शिकवल्याचे कोणीही लिहिलेले नाही.

शाओलिनच्या भिक्षूंनी शस्त्र हाती घेतले, हे मात्र खरे आहे. ६२१ साली त्यांनी ली शिमिन या तांग राजपुत्राला मदत केली, आणि त्याची नोंद ७२८ च्या शिलालेखात विहाराच्या आवारातच उभी आहे. तरी ते कोणत्या पद्धतीने लढले याबद्दल शिलालेख काही सांगत नाही. पुढे मिंग काळात शाओलिनची कीर्ती झाली ती लाठीसाठी. मुष्टिविद्येचा क्रम त्यानंतरचा. आणि लाठीचे श्रेय हे भिक्षू कोणाला देत? बोधिधर्माला नव्हे, तर वज्रपाणीला आणि किन्नरराजाला. येथे भारताचा वाटा खरोखरच आहे, पण तो देवतांच्या रूपाने गेलेला वाटा आहे. कोणी गुरू दक्षिणेतून डाव शिकवीत गेला, असे त्यातून सिद्ध होत नाही. विहाराची स्थापना ४९५ च्या सुमारास ज्याच्यासाठी झाली तो बात्वो हा भिक्षूही परंपरेनुसार भारतीयच. त्याचे नाव आपल्या अभिमानी चर्चेत आम्ही एकदाही ऐकलेले नाही. अभिमान हा असा निवडक असतो.

मग बोधिधर्म या गोष्टीत शिरला कोठून? तर एका बनावट प्रस्तावनेतून. 'यिजिन जिंग', म्हणजे 'स्नायू पालटण्याचे सूत्र', नावाचा व्यायामग्रंथ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला गेला. त्याला वजन यावे म्हणून तो बोधिधर्माच्या नावावर घालण्यात आला, आणि त्याला ली जिंग या तांग सेनापतीची म्हणून ६२८ सालची प्रस्तावना जोडली गेली. या प्रस्तावनेत सेनापती सांगतो, की हा ग्रंथ मला कुरळ्या दाढीच्या वीराकडून मिळाला. हा वीर एका अद्भुत कथेतले पात्र आहे! एखाद्या मराठी बखरीत 'हे कागद आम्हांस वीरधवलाने दिले' असे लिहिलेले सापडावे, तसा हा प्रकार. अठराव्या शतकातच लिंग तिंगकान या चिनी पंडिताने ही लबाडी ओळखली आणि लेखकाला अडाणी गावगुरूच्या पंक्तीत बसवले. १९३० साली तांग हाओ याने शाओलिनच्या आख्यायिकांची पद्धतशीर चिकित्सा केली. अलीकडे मेइर शाहार या इस्रायली अभ्यासकाच्या २००८ च्या ग्रंथात हा सारा पुरावा एकत्र वाचायला मिळतो. सारांश, चिनी विद्वानांनी जी गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी निकालात काढली, ती आपण आज राष्ट्राभिमान म्हणून मिरवीत आहोत.

सो दोशिन यांच्या बाजूने एक पुरावा नेहमी दिला जातो तो भित्तिचित्राचा. शाओलिनच्या 'श्वेतवस्त्र' मंदिरातील भिंतीवर जोडीजोडीने सराव करणारे भिक्षू रंगवले आहेत; काही सावळे, काही गोरे. सावळे ते भारतीय आणि गोरे ते चिनी, दोघे मिळून शिकत आहेत, असा अर्थ सो दोशिन यांनी घेतला. जोडीने सराव करण्याच्या तत्त्वाची प्रेरणा आपल्याला या चित्रातून मिळाली, असे ते सांगत. चित्र सुंदर आहे, अर्थही सुंदर आहे. पण चित्र छिंग राजवटीतले, म्हणजे बोधिधर्मानंतर हजाराहून अधिक वर्षांनी काढलेले. त्यातून छिंगकालीन शाओलिनची कल्पना कळते, बोधिधर्माच्या काळाची नव्हे. या चित्राला 'तेंजिकु नारा नो काकु' असे भारदस्त नाव जोडले जाते. 'तेंजिकु' म्हणजे भारत, आणि 'नारा' हा शब्द येतो तो सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या कुमारजीवाने ४०६ साली केलेल्या चिनी अनुवादातून. तेथे तो कोणत्या संदर्भात येतो? बोधिसत्त्वाने कोणाच्या संगतीस जाऊ नये, त्या यादीत! मारामारीचे खेळ, मुष्टियुद्ध, कुस्ती आणि नारांचे खेळ यांपासून त्याने दूर राहावे, असा तो उपदेश आहे. ज्या शब्दाच्या आधारे कुळी सांगायची, तोच शब्द मूळ ग्रंथात निषेधाच्या यादीत असावा, यापरते मार्मिक काय असणार?

आता मधला थर. वेन गुरू होते की नव्हते? स्वतंत्र कागदोपत्री पुरावा आजवर पुढे आलेला नाही. जे आहे ते संस्थापकाचे कथन. १९२८ सालीच शी यौसान या लष्करशहाच्या सैन्याने शाओलिन विहार जाळला होता, त्यामुळे १९३६ मधला विहार हा बव्हंशी भग्नावशेष होता, हेही ध्यानात घ्यावे. चीनमध्ये काही तरी शिकले असणे सर्वस्वी संभवनीय आहे; अठरा वर्षे माणूस तेथे होता. पण जुहोतील मनगट मुरडण्याच्या डावांचे निकटचे साम्य आढळते ते हाक्को-र्यू या जपानी जुजुत्सूशी. त्या शैलीचे संस्थापक ओकुयामा र्युहो यांच्याकडे सो दोशिन युद्धानंतर शिकले होते. म्हणजे या कलेतला एक मोठा प्रवाह शाओलिनच्या डोंगरातून वाहत आलेला नाही. जपानातच, दाइतो-र्यू या जुन्या परंपरेतून ओकुयामांकडे आणि तेथून तादोत्सुला, तो आला आहे. हे सांगण्यात कमीपणा कसला?

पण ज्या गोष्टीकडे कोणी पाहू नये म्हणून ही सुंदर कथा पुढे उभी आहे असे आम्हांस वाटते, ती निराळीच आहे. संघटनेने सांगितलेल्या चरित्रानुसारच नाकानो हा तरुण मांचुरियात केवळ जिज्ञासू विद्यार्थी म्हणून गेलेला नव्हता. 'कोकुर्युकाइ' या उग्र राष्ट्रवादी संघटनेशी त्याचा संबंध होता, आणि जपानी लष्कराच्या गुप्त कामगिरीसाठी तो तेथे हिंडत होता. १९३१ साली जपानने मांचुरिया बळकावला, पुढच्या वर्षी तेथे कळसूत्री राज्य स्थापले. परक्याची भूमी व्यापणाऱ्या सत्तेचा हेर चिनी गुरूच्या पायाशी बसतो, आणि तो गुरू त्यालाच वारस नेमतो! ही कथा खरी असेल तर ती विलक्षण गुंतागुंतीची आहे. तिच्यात विश्वास, फसवणूक, भीती, कृतज्ञता हे सारे असले पाहिजे. उत्पत्तिकथेत मात्र त्यातले काही उरत नाही. उरतात एक गुरू, एक शिष्य आणि एक पवित्र विहार. बोधिधर्माचे लांबलचक कूळ जोडल्याने जवळची पंधरा वर्षे दिसेनाशी होतात. कुळाचा हा उपयोग आम्हांस सर्वांत आक्षेपार्ह वाटतो.

१९३६ या वर्षात आणखी एक योगायोग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ओकिनावातील नाहा येथे कराटेच्या आचार्यांची बैठक भरली आणि 'चिनी हात' असे लिहिले जाणारे कलेचे नाव यापुढे 'रिकामा हात' असे लिहावे, यावर शिक्कामोर्तब झाले. उच्चार तोच, अक्षर निराळे. चीनशी युद्ध जवळ आले होते. कलेच्या नावातला चीन नकोसा झाला. एका कलेने युद्धापूर्वी चीन खोडला आणि दुसरीने युद्धानंतर तो लिहून घेतला. दोन्ही वेळा डाव तेच राहिले असते.

तिसऱ्या थराकडे आम्ही आदराने पाहतो. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्या तेव्हा सो दोशिन पूर्व सीमेजवळ होते. लष्कर आधी पळाले आणि सामान्य जपानी वसाहतकरी मागे उघडे पडले. त्या महिन्यांत त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांचा एक निष्कर्ष झाला: कायदा, सत्ता, धर्म ही सगळी नावे आहेत, वेळ येते तेव्हा सारे काही समोरचा माणूस कसा आहे यावर ठरते. परत आले तो मायदेशात उपासमार, काळाबाजार, दिशाहीन तरुण पोरे. युद्धकलांची जुनी राष्ट्रीय संघटना १९४६ मध्ये बरखास्त झालेली, शाळांतून त्या कला हद्दपार झालेल्या. अशा वेळी या माणसाने तादोत्सुत एका खोलीत मुलांना डाव शिकवता शिकवता धर्म सांगायला सुरुवात केली. डाव हे आमिष होते, असे ते स्वतःच मोकळेपणाने सांगत. १९५१ मध्ये 'कोंगो झेन' या नावाने धर्मसंस्था नोंदवली गेली. निर्बंधांतून वाट काढण्याची ही युक्ती होती असे काही म्हणतात. असेलही. पण 'अर्धे सुख स्वतःचे, अर्धे इतरांचे' आणि 'बळाविना प्रेम दुबळे, प्रेमाविना बळ आततायी' या आशयाची शिकवण पराभूत राष्ट्रातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना देणे ही नुसती युक्ती नव्हे. हेर असलेल्या माणसाने हे शिकवावे, यातच या कलेचा खरा उगम आहे, आणि तो तिच्या कोणत्याही आख्यायिकेपेक्षा थोर आहे.

उगमाची अशी प्रामाणिक नोंद ठेवणे जपानला अपरिचित होते असेही नाही. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये जूदो सिद्ध केला तेव्हा तेंजिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या दोन जुन्या शैलींतून आपण काय घेतले हे उघड सांगितले. स्वप्नाची साक्ष काढली नाही. १९३० मध्ये उएशिबा मोरिहेई यांची कला पाहून ते इतके प्रभावित झाले, की त्यांनी आपले शिष्यच तिकडे शिकायला पाठवले. पुढे १९५६ मध्ये कोदोकान या त्यांच्या संस्थेने आत्मसंरक्षणाचा एक मिश्र क्रम तयार केला, 'गोशिन-जुत्सु' या नावाचा. त्यात एकवीस डाव आहेत: बारा निःशस्त्र हल्लेखोराविरुद्ध, आणि सुरी, काठी व पिस्तूल यांविरुद्ध प्रत्येकी तीन. त्यामागे तोमिकी केंजी यांचा मोठा हात होता. तेही कानो आणि उएशिबा या दोघांचे शिष्य, तेही मांचुरियात होते, आणि युद्ध संपल्यावर तीन वर्षे सोव्हिएत कैदेत राहून परतलेले. म्हणजे पार्श्वभूमी जवळपास तीच. पण येथे उगम कोणता? एक समिती, एक साल, एकवीस डाव. या क्रमाला कोणी देऊळ बांधले नाही, हे खरे. आणि शोरिंजी केंपोच्या शाखा आज अनेक देशांत आहेत, हेही खरे. समितीच्या इतिवृत्तावर श्रद्धा बसत नाही, कथेवर बसते, असा युक्तिवाद येथे होऊ शकतो, आणि तो आम्हांस अगदीच टाकाऊ वाटत नाही.

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा सभ्य अर्थ असा, की पाणी गोड असेल तर प्यावे. तो आम्हांस मान्य आहे. पण ही म्हण कूळ शोधू नये असे सांगते. खोटे कूळ चिकटवावे असे सांगत नाही. आणि आपण नेमके तेच करीत आहोत. बोधिधर्म आपला ठरला की शाओलिनच्या भिक्षूंची शतकांची मेहनत आपली, ओकिनावातील आचार्यांची मेहनत आपली, तादोत्सुतल्या त्या खोलीतली मेहनतही आपली! स्वतःच्या कलांकडे मात्र लक्ष द्यायला सवड नाही. बडोद्याहून निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांत बिनोट, फरीगदगा, बोथाटी यांची किती माहिती साठवून ठेवली आहे. बोधिधर्माची थोरवी सांगणाऱ्या किती जणांनी त्यांतला एक तरी खंड हाताळला असेल?

सो दोशिन १९७९ च्या वसंतात पुन्हा शाओलिनला गेले. चीनचे दरवाजे तेव्हा नुकतेच किलकिले होत होते. जेट ली याचा चित्रपट आणि त्यामागून आलेले पर्यटकांचे लोंढे अजून तीन वर्षे दूर होते. त्या जुन्या भित्तिचित्रासमोर ते उभे राहिले. पुढच्याच वर्षी विहाराच्या आवारात त्यांच्या या भेटीचा स्मारकशिलालेख बसवण्यात आला. 'पर्वताकडे परत येणे' असे शब्द त्यावर आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते निवर्तले.